मला खुर्ची देऊ नका

ज्यांना सकाळी धडधाकट वाटतं आणि संध्याकाळी चमचा उचलवत नाही, अशा माणसांसाठी मी हे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभं राहणार असेल, तर आधी एवढं वाचा. मी त्या रांगेत दोनदा गेलेले. दुसऱ्यांदा उभी राहिले, पहिल्यांदा मात्र बसलेले. सगळा घोळ त्या बसण्यात होता, आणि ते कळायला मला बरेच महिने लागले.

मी मूळची ठाण्याच्या कोपरीची. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली. बाबानेही लहानपणी अनवाणी मीठ ओढलंय, पुढे एका कंपनीत शिपाई झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी., रसायनशास्त्र. काळा डगला घातलेला माझा फोटो हॉलमध्ये देवीच्या तसबिरीशेजारी लावलाय आणि आई दोघींना एकाच फडक्याने पुसते. लग्न होऊन मी टिटवाळ्याला आले. नितीन, माझा नवरा, औषधांच्या गोदामात नोकरीला आहे. मी एका खासगी क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवायचे.

पापणीवर बर्फ

सुरुवात संध्याकाळच्या बॅचला झाली. शिकवता शिकवता आवाज नाकातून यायला लागायचा. "मॅडम, सर्दी झालीय का?" मुली विचारायच्या. मग डावी पापणी खाली यायला लागली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम डोळा मारतायत रे!" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण हसू तोंडावर आलंच नाही. गाल वर जाईनात. फळ्याच्या बाजूला भिंतीवर आरसा होता, त्यात मी पाहिलं तर माझा चेहरा चिडल्यासारखा दिसत होता.

मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, घशाच्या डॉक्टरकडे गेले. सगळीकडे सकाळची वेळ घ्यायचे, आणि सकाळी माझ्यात काही खोट सापडायचीच नाही. एकाने चष्मा दिला, एकाने गुळण्या. एकाने नितीनला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का?" बाहेर आल्यावर नितीन म्हणाला, "मी काय सांगू? आहे म्हटलं तर माझ्यावर येतंय, नाही म्हटलं तर तुझ्यावर."

शेवटी ठाण्याच्या एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नंबर लागला, तोही संध्याकाळचा, कारण सकाळचा मिळाला नाही. हे माझं नशीब. मी दिवसभर शिकवून तिथे गेलेले. पापणी अर्धी मिटलेली. डॉक्टरांनी फार काही विचारलं नाही. रबरी हातमोज्यात बर्फ भरला, गाठ मारली आणि म्हणाले, "हा डोळ्यावर धरून बसा."

थोड्या वेळाने त्यांनी बर्फ काढायला सांगितलं. नितीनने मोबाइलचा कॅमेरा माझ्यासमोर धरला. पापणी वर गेली होती! उजवीच्या बरोबरीने!

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला आधी मौज वाटली. "असं कसं झालं?" मी विचारलं. डॉक्टर खूश झाले असावेत, कारण त्यांनी नीट समजावलं. मेंदूचा हुकूम नसेतून निघतो, पण स्नायूच्या दारात अडतो. पहिले काही हुकूम आत जातात, मग दार बंद होत जातं. विश्रांती मिळाली, गारवा मिळाला की पुन्हा थोडं उघडतं. आजाराचं नाव मायस्थेनिया.

"फुलाचा नाव वाटतंय," बाबा फोनवर म्हणाला.

आईने विचारलं, "बर्फानं बरा होतं ना? मंग फ्रीजच उघडून बसू."

मी घरी येऊन तो प्रयोग पुन्हा केला, मटारच्या थैलीने. पापणी परत वर गेली. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

एका श्वासात

पुढच्या पावसाळ्यात गिळणं बिघडलं. पाणी नाकातून परत यायचं. मग धाप लागायला लागली आणि मला ॲडमिट केलं. त्या दिवसांबद्दल थोडंच लिहिते, कारण ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांना जायचंय त्यांना घाबरवायचं नाही.

तिथे प्रत्येक पाळीला नर्स यायची आणि म्हणायची, "एका श्वासात आकडे म्हणा बघू." एक, दोन, तीन, जोरात. श्वास कुठवर पुरतो ते ती लिहून न्यायची. मी आयुष्यभर परीक्षा दिलेली बाई. मी काय करायचे, ती येण्याआधी गप्प पडून राहायचे, ताकद राखून ठेवायचे, आणि मग दणक्यात म्हणायचे. काल होता त्याच्यापुढे आकडा गेला की मला बरं वाटायचं. एक दिवस आकडा एकदम खाली आला. नर्सचा चेहरा बदलला आणि मला दुसऱ्या खोलीत नेलं, यंत्रांच्या. काच होती मधे. पलीकडे बाबा उभा होता, हाताने मला विचारत होता, काय झालं? मला साधी मानही हलवता येईना.

त्यातून निघाले. गोळ्या सुरू झाल्या, सलाइनमधून औषधं झाली. तिथल्या मावशी माझ्यासाठी केळं काट्याने पार लगदा करून आणायच्या आणि म्हणायच्या, "खा गं, हळू खा, मला कुठे गाडी पकडायचीय?" त्यांना गाडी पकडायची असायची. कसाऱ्याकडची, खडवलीला उतरायच्या त्या. तरी रोज हेच म्हणायच्या.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. ताकद राखून ठेवायची आणि कुणी बघायला आलं की सगळी काढायची, ही सवय मी तिथून घरी घेऊन आले.

शाब्बास

क्लासची नोकरी गेली. "बरं झालं की या हं मॅडम," म्हणाले, आणि माझ्या जागी लगेच दुसरी ठेवली. मग एका सरकारी प्रयोगशाळेतल्या सहायकाच्या जागांची जाहिरात आली. माझ्याच विषयाची. माझं वय उलटून गेलेलं, आणि लेखी परीक्षेत अर्ध्या पेपरनंतर माझी बोटं पेन सोडून देतात. प्रमाणपत्र असलं तर वयात सूट होती आणि पेपरला जादा वेळ. त्यासाठी निदान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागतं. टक्केवारी ठरवतं सरकारी वैद्यकीय मंडळ.

'सवलत' हा शब्द मला आवडत नाही. आमच्या घरात कुणी कधी काही फुकट घेतलं नाही. पण मी विचार केला, ही मेहेरबानी नाही. माझ्या हाताला जेवढा वेळ लागतो तेवढा मी मागतेय.

मंडळाच्या दिवशी घरच्यांनी कंबर कसली. टिटवाळ्याहून दगदग नको म्हणून मी आदल्या दिवशी कोपरीला माहेरी येऊन राहिले. सकाळी आईने मऊ पेज दिली, म्हणजे चावायला नको. केसही तिनेच विंचरले, म्हणजे हात वर धरायला नकोत. नितीनने गोळीची वेळ अशी बसवली की आत जाताना तिचा भर जोरात असेल. बाबा उजाडताच रुग्णालयात जाऊन रांगेत माझी जागा धरून उभा राहिला. मी रिक्षाने दारात उतरले. रांगेतल्या बायका म्हणाल्या, "अगं, हिला पुढे जाऊ दे." शिपायाने आतून खुर्ची आणली. आणि कुबड्या घेतलेले एक काका, स्वतः पंख्याखालच्या बाकड्यावर बसले होते, ते उठले. "ताई, खुर्ची उन्हात आहे. तुम्ही इथे बसा." मी नको नको म्हणतेय तोवर बाबाने मला बसवलंसुद्धा. जगात किती चांगली माणसं आहेत, असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

मी आत गेले ती ताजीतवानी.

डॉक्टर माझ्या वयाचे असतील. म्हणाले, "माझी बोटं दाबा." मी जीव खाऊन दाबली. "हात वर. खाली. पाय उचला. चालून दाखवा." मी पाठ ताठ ठेवून चालून दाखवलं. साहेबासमोर वाकून चालायचं नाही, हे बाबाने शिकवलेलं.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले.

आणि मी खूश झाले, हो! बाहेर येऊन बाबाला सांगितलं, "शाब्बास म्हणाले."

पंधरा टक्के

निकाल आला तेव्हा बाबा आमच्याकडे टिटवाळ्याला आला होता. कागदावर पंधरा टक्के होते.

"पंधराच?" बाबा म्हणाला. "तू तर कधी साठाच्या खाली आली नाय." मग जरा थांबून, "म्हंजे बरा हाय ना बाय? आजार थोडाच हाय असा ना?"

"बाबा, चाळीस हवे होते."

"जास्ती आजार पायजे होता?"

"हो."

बाबाने चहा बशीत ओतला आणि प्यायला विसरला.

नितीन चिडला होता. "तुला कोणी सांगितलं होतं एवढा जोर लावायला? थोडं लंगडायचं ना!"

"माझे पाय लंगडत नाहीत. मी का लंगडू?"

"अगं, लोक नसलेलं दाखवतात, तुला असलेलं दाखवता येत नाही!"

त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, मी खोटं करून पदवी घेतली नाही, खोटं करून हेही घेणार नाही. तो म्हणाला, मग बस घरी खरेपणाला धरून. भांडता भांडता माझा आवाज नाकात गेला, मग शब्द विरघळायला लागले, आणि भांडण अर्ध्यात थांबवावं लागलं. आमच्या घरात हल्ली भांडण कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. नितीनने मला पाणी दिलं. मी ते सावकाश गिळलं. तो खाली बघत म्हणाला, "आत्ता पाहायला पाहिजे होतं त्यांनी तुला."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. डॉक्टरांवर मला राग धरता येईना. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. समोर जी बाई आली तिचं बरोबर मोजमाप त्यांनी घेतलं. मग प्रश्न असा उरला, की ती बाई कोण होती?

प्रात्यक्षिक

रसायनशास्त्रात एक शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मी तसंच केलं. नितीन कामावर गेला की मी एकेक काम पूर्ण स्वतः करून पाहायला लागले. नेहमी नितीन पाण्याचे हंडे भरून जातो, ते एक दिवस मी भरले. नेहमी कणीक शेजारच्या वहिनी मळून देतात, ती एक दिवस मी मळली. लिफ्ट सोडून जिना चढले. ज्या दिवशी यातलं एकच केलं त्या दिवशी निभावलं. ज्या दिवशी कुठल्याही साध्या बाईसारखी ओळीने सगळी केली, त्या दिवशी दुपारी सिलेंडरवाला आला आणि मला त्याला "आत ठेवा" एवढंही सांगता येईना. त्याला वाटलं मी प्यायलेय. तो सिलेंडर दारातच ठेवून गेला.

आरशात पाहिलं. दोन्ही पापण्या पडलेल्या, जबडा हाताने धरलेला. ही बाई मंडळाने पाहिलीच नव्हती. मीसुद्धा तिला फारशी भेटत नव्हते, कारण घरातली माणसं तिला येऊच द्यायची नाहीत.

मग मी फोन करून बाबाला विचारलं, "त्या दिवशी रुग्णालयात तू माझ्यासाठी काय काय केलंस रे?" त्याने मोठ्या हौशीने सगळं सांगितलं. रांग, रिक्षा, पिशवी, बाकडं, पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा त्याने उघडून दिलेलं. मी ऐकत होते आणि मला उलगडत होतं. माझ्या अंगातली निम्मी कामं माझ्या माणसांच्या अंगात राहायला गेली आहेत. मंडळाने माझा हात मोजला, पण त्या हातामागचे बाबाचे, आईचे, नितीनचे हात खोलीबाहेर राहिले.

ठाण्याच्या माझ्या डॉक्टरांना हे सांगितलं आणि भीत भीत विचारलं, "मग मी त्या दिवशी गोळी घेऊ नको का?"

"खबरदार!" ते म्हणाले. "गोळी वेळेवर घ्यायची. काहीही कमीजास्त करायचं नाही. फक्त नोकरीला निघाल्यासारख्या जा. जेवढं नोकरी करणारी बाई करते तेवढं करा. दमलात तर लपवू नका." त्यांनी एक चिठ्ठी दिली, की या रुग्णाला एकदा हात उचलायला लावून भागत नाही, पुन्हा पुन्हा लावून पाहावं. फेरतपासणीचा अर्ज करता येतो हे मला रुग्णालयाच्या खिडकीवरच्या बाईंकडून कळलं. तुम्हीही विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

बाबाचे हात

सगळ्यात कठीण काम घरच्यांना समजावण्याचं होतं. नितीनला पटलं. आईने तोंड फिरवलं, पण "बरा" म्हणाली. बाबा ऐकेना.

"पोरीला धरायचा नाय? मंग मी येऊ कशाला?"

"नको येऊस."

"येनार."

"मग पिशवी घ्यायची नाही. खुर्ची मागायची नाही. रांगेत पुढे घालायचं नाही. माझ्याऐवजी बोलायचं नाही."

"श्वास घेऊ ना?" बाबा म्हणाला.

फेरतपासणीच्या दिवशी मी टिटवाळ्याहून निघाले, स्वतः डबा भरून, स्वतः केस विंचरून. कल्याणला गाडी बदलली, ठाण्याला जिने चढले-उतरले. बाबा मला स्टेशनवर भेटला आणि सोबत चालू लागला. हात पाठीमागे, एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं.

रांगेत आम्ही शेवटी उभे राहिलो. ऊन चढलं. माझी डावी पापणी उतरायला लागली. पुढच्या बाईने वळून पाहिलं. "अगंबाई, बसा ना तुम्ही. भाऊ, ती खुर्ची द्या इकडे."

"नको, खरंच नको," मी म्हटलं. शब्द नाकातून आले.

तिने बाबाकडे पाहिलं. बाबा म्हणाला, "तिला बसवू नका ताई."

"म्हणजे?"

"उभी राहूंदे."

सगळी रांग वळली. "पोटची पोर आहे ना तुमची?" बाईंनी विचारलं.

"हाय."

"कसला बाप आहे हा!" मागून कुणीतरी म्हणालं. बाबाला सगळी हकिगत सांगता आली असती. पण माझ्याऐवजी बोलायचं नाही एवढंच मी सांगितलं होतं, त्याने ते स्वतःसाठीही धरलं. मान खाली घालून उभा राहिला. मला सांगावंसं वाटत होतं, पण मला आता दोन वाक्यांहून जास्त बोलता येत नव्हतं, आणि ती मला आत लागणार होती.

बाबाही माझ्याबरोबर आत आला. या वेळी डॉक्टर बाई होत्या, वयस्कर. त्यांनी चिठ्ठी वाचली. मला छताकडे बघत राहायला सांगितलं. एका पंख्याचे दोन झाले, मग दोन्ही पापणीआड गेले. हात समोर धरायला लावले, "सोडू नका." हात आपोआप खाली यायला लागले. माझी जुनी सवय उसळली, दात आवळून वर धरावेत असं वाटलं. ते मी केलं नाही. हात जात होते तिकडे जाऊ दिले. आयुष्यात पहिल्यांदा मी परीक्षकासमोर जेवढं येतं तेवढंच लिहिलं. बाजूला बाबाचं पाऊल पुढे पडलं आणि थांबलं.

"घरी कामं कोण करतं?" बाईंनी त्याला विचारलं.

हा प्रश्न बाबाला अख्ख्या कोपरीने विचारलाय, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. सगळा करते माझी पोर, घर करते, शिकवते, पदवीवाली हाय. बाबाने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"नाय होत तिला," तो म्हणाला. "आमी करतो. तिला वाटतं ती करते."

बाई लिहीत राहिल्या. शाब्बास कुणी म्हणालं नाही.

निकाल सांगून टाकते. प्रमाणपत्र मिळालं, चाळीसच्या थोडं वर. कायमचं नाही, काही वर्षांनी पुन्हा तपासणी आहे. परीक्षा मी जादा वेळ घेऊन दिली आणि पेपर पूर्ण लिहिला, शेवटच्या प्रश्नापर्यंत. निवड व्हायचीय, नाही झाली तर पुढली जाहिरात बघेन. पुढच्या तपासणीत माझे किती टक्के येतील याची मला आत्तापासून उत्सुकता आहे. कमी आले तर मी बरी झाले असेन, की घरच्यांनी पुन्हा लाड सुरू केले असतील, हे आधी शोधावं लागेल.

त्या दिवशी मंडळाच्या खोलीतून आम्ही बाहेर आलो तेव्हा मान उभी राहत नव्हती, हनुवटीखाली हात धरून चालत होते. रांग अजून तशीच होती, ती बाईही. बाबा दारातच थांबला. त्याचे हात अजून पाठीमागे होते.

"झाला ना?" त्याने विचारलं.

मी डोळ्यांनीच हो म्हटलं.

"आता धरू?"